गायब्रशचं तोंड कुणी बिघडवलं?

मास्तरांना विचारा
चित्रं, रंग, संगणक आणि त्यावरचे खेळ यांविषयी वाचकांची पत्रं. उत्तरं देतात परभणीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक.

प्रश्न: मास्तर, सादर नमस्कार. एका गेमवरून आमच्या घरात दोन भावांचं बोलणं बंद व्हायची पाळी आली आहे. 'मंकी आयलंड' ही समुद्री चाच्यांची मालिका आणि तिचा नायक गायब्रश तुम्हाला माहीत असेलच. दादानं पहिला भाग फ्लॉपीवर खेळला होता, मी तिसरा भाग सीडीवर. दिवाळीत पुतणीनं लॅपटॉपवर 'रिटर्न टू मंकी आयलंड' लावला आणि दादा दोन मिनिटांत उठून गेला. म्हणाला, "कागदं कापून चिकटवल्यावानी दिसायलंय हे! आपला गायब्रश असा होता का?" मलाही ते चित्र पसंत नाही, पण दादाच्या पहिल्या भागातले ठिपकेही (पिक्सेल) नकोत. तिसऱ्या भागासारखं देखणं कार्टून करायला काय हरकत होती? पुतणी म्हणते, तुम्ही दोघंही म्हातारे झालात. आता तुम्हीच निवाडा करा.
— धाकटा भाऊ, उदगीर

उत्तर: धाकटे भाऊ, आधी एक कबुली देतो. हा खेळ माझ्याकडं आला तो चोरीचा. १९९६ च्या सुमारास शाळा सुटल्यावर मी स्टेशन रोडला संगणकाचा क्लास चालवायचो. दोन ४८६ जातीचे संगणक, चौदा इंची मॉनिटर आणि एक यूपीएस. लाइट गेली की तो पाच मिनिटं किंचाळायचा आणि मग स्वतःही जायचा. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फ्लॉप्या आणून दिल्या. चाच्यांचा खेळ आम्ही चाचेगिरी करूनच मिळवला म्हणा ना.

ती चोरी अडवायला कंपनी खेळासोबत पुठ्ठ्याची चकती द्यायची. एका चाच्याचं कपाळ, दुसऱ्याची हनुवटी, असं फिरवून पडद्यावरचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसेल ते साल टाइप करायचं. आमच्याकडं त्या चकतीची झेरॉक्स, तीही झेरॉक्सवरून काढलेली. सगळे चाचे कोळशाच्या वखारीतून उठून आल्यासारखे. साल अंदाजानं टाकायचो. म्हणजे माझ्या क्लासातल्या पोरांसाठी अस्सल चाच्याचं तोंड हा एक काळा डाग होता. ज्याचं अस्सल असं आहे, तो आता तुमच्या दादाच्या अस्सलवर बोलणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

पहिला भाग १९९० चा. ३२० बाय २०० ठिपक्यांचा पडदा, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत रंग अवघे सोळा. २५६ रंगांची आवृत्ती नंतर आली. सोळा रंगांत बेटावरची रात्र रंगवायची कशी? मार्क फेरारीसारख्या चित्रकारांनी दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडले. जुन्या काचेच्या मॉनिटरवर प्रत्येक ठिपका शेजारच्यात जरासा पाझरायचा, त्यामुळं बघणाऱ्याच्या डोळ्यात तिसराच रंग तयार व्हायचा. आज तोच खेळ सपाट पडद्यावर लावला की ठिपके सुट्टे सुट्टे, चाकूनं कापल्यासारखे दिसतात. दादाला आठवतं ते आकाश अर्धं चित्रकारानं काढलं होतं, अर्धं मॉनिटरच्या काचेनं.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असायचा. मी तयारी करून घेताना पोरांना बैलगाडी काढायला सांगायचो. चाळीस पोरं, चाळीस गाड्या, आणि प्रत्येकीचं चाक बांगडीसारखं गोल. मग त्यांना फाटकाबाहेर उभी असलेली खरी गाडी दाखवायला न्यायचो. कोपऱ्यावरून बघताना चाक लांबट अंड्यासारखं दिसतं. एका वर्षी एक पोरगं बराच वेळ बघून म्हणालं, "सर, ही गाडी चुकलीय." तुमच्या दादाचं गाऱ्हाणं मला त्या पोराच्या जातीचं वाटतं. स्मरणचित्र हातात धरून तो वस्तुचित्र तपासतोय.

तुमचंही तेच आहे बरं का. तुमचा 'द कर्स ऑफ मंकी आयलंड' १९९७ चा, दोन सीड्यांचा. रॉन गिल्बर्ट, म्हणजे ज्यानं हा खेळ उभा केला तो माणूस, तोवर कंपनी सोडून गेला होता. नव्या मंडळींनी बुटक्या गायब्रशला ताडमाड उंच, काडीसारखा केला आणि ढगांना गोल वेटोळी दिली. तेव्हा पहिल्या दोन भागांवर वाढलेल्या लोकांनी, "हा आपला गायब्रश नव्हे," असाच गलका केला होता. तुमच्या दादाला विचारा. १९९८ ला तुम्ही सीडी लावली तेव्हाही तो उठून गेला असणार.

या मालिकेला एक चेहरा कधी नव्हताच. १९९१ च्या दुसऱ्या भागात पार्श्वभूमी कागदावर खऱ्या रंगांनी रंगवून स्कॅन केलेली. २००० चा चौथा भाग थ्रीडी, आणि बघवत नाही असं माझं स्पष्ट मत. त्यावर शाई घालवत नाही. २००९ ला पाच हप्त्यांत आणखी एक आला, पुन्हा थ्रीडी. आणि पहिल्या भागाचंच बघा. पडद्यावर चालणारा गायब्रश बोटाच्या पेराएवढा, चेहरा जेमतेम काही ठिपक्यांचा. माणूस जवळून दाखवायचा झाला की वेगळं मोठं चित्र लावायचे, आणि ते चांगलं भरदार, फोटोच्या वळणाचं. त्या बाहुल्याशी ते फारसं जुळायचंही नाही. एकाच खेळात दोन तोंडं. दादाचं अस्सल त्यातलं कोणतं? मुळात या पोराचं बारसंही चित्राच्या फाइलीनं केलंय. नाव ठरेना म्हणून त्याला नुसतं 'गाय' म्हणायचे, चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या फाइलीला 'ब्रश' लागलं, आणि झाला गायब्रश.

आता आपल्याकडचं सांगतो. दर वर्षी शाळेची सहल एसटीनं अजिंठ्याला न्यायचो. पोरं चित्रं बघून म्हणायची, किती छान जुना पिवळा रंग आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं इटलीहून जाणकार बोलावले होते. भिंतीवरून सुटणारे पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले, हे मोठं काम. पण वरून जे लाखेचं वार्निश दिलं, ते वर्षांमागून वर्षं पिवळं, तपकिरी होत गेलं. पुढं पुरातत्त्व खात्याच्या रसायनवाल्यांनी ते हलक्या हातानं काढायला घेतलं. जिथं ते निघालं तिथं खालून आलेला निळा-हिरवा बघून माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ शिक्षक हळहळले, "अरेरे, रंग दिला वाटतं नवा." त्यांचं प्रेम वार्निशवर बसलं होतं. मी हसलो नाही, कारण माझंही थोडंफार तसंच होतं. आणि दहाव्या लेण्यात तर सातवाहन काळची चित्रं आणि त्यानंतर पाचशे-सहाशे वर्षांनी दुसऱ्याच हातांनी काढलेली चित्रं एकाच दालनात आहेत. दुसऱ्या खेपेच्या चित्रकारांनी, पहिल्यांसारखंच काढू या, असा काही हट्ट धरलेला दिसत नाही.

तुम्ही निवाडा मागितलाय, तेव्हा कुंपणावर बसत नाही. २०२२ च्या भागाची, म्हणजे पुतणीच्या 'रिटर्न'ची, चित्रं रेक्स क्रोल याच्या देखरेखीखाली झाली. त्याचा आधीचा 'टेअरअवे' हा खेळ तर अख्खा कागदाच्या दुनियेतला, तेव्हा दादाची कागद कापल्याची उपमा उगं आलेली नाही. नजर पक्की आहे त्याची. मला स्वतःला त्या माणसांचे डोळे आवडले नाहीत. सगळ्यांचे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात, आणि हातवारे चालू असताना कोपरं कुठं जातात कळत नाही. पण रात्रीचे प्रसंग बघा. अंधारात एकच कंदील, त्याचा पिवळा तुकडा भिंतीवर, बाकी सपाट निळं. ते ज्याला जमलं त्याला रंग कळतो. आणि गायब्रश आता पोक्त झालाय, लग्न होऊन संसारी झालाय, ते त्याच्या उभं राहण्यात दिसतं. बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्याला पोक काढून दाखवता आलं असतं का? तेव्हा डोळ्यांसाठी गुण कापून, मी पुतणीच्या बाजूनं.

भांडण मिटवायचं असेल तर एक करा. २००९ ला पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात संगणकावर एफ-१० दाबलं की नवं चित्र जाऊन त्याच जागी जुनं येतं, पुन्हा दाबलं की नवं. (त्यातल्या गायब्रशच्या केसांच्या तुऱ्याची लोकांनी इतकी टिंगल केली की पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाच्या वेळी तो आवरता घ्यावा लागला.) दोघं भाऊ शेजारी बसा, कळ पुतणीच्या हातात द्या. दादा जुन्या चित्राकडं बघून, "एवढंच होतं होय?" म्हणाला, तर मला कळवा.

प्रश्न: मास्तर, २०१३ मध्ये गिल्बर्टनंच लिहिलं होतं की मंकी आयलंड पुन्हा केला तर जुन्या ठिपक्यांच्या धाटणीचाच करीन. २०२२ ला वेगळंच काढलं. लोक बोलले तर त्यानं खेळाबद्दल लिहिणंच थांबवलं. शब्द आपण फिरवायचा आणि वर आपणच रुसायचं? पैसे मोजणाऱ्यानं बोलू नये का?
— एक चिडलेला वाचक, हिंगोली

उत्तर: बोलावं. पण तुमचा हिशेब मधलं एक पान गाळतोय. २०१३ च्या त्या लिहिण्यानंतर त्यानं २०१७ ला 'थिंबलवीड पार्क' काढला, चांगला ठिपक्यांचा, जुन्या वळणाचा. ती हौस फिटली. मग त्याचं म्हणणं असं पडलं की पहिले दोन भाग निघाले तेव्हा ते जुनाट दिसावेत म्हणून कुणी काढले नव्हते. त्या काळात जेवढं उत्तम जमत होतं तेवढं केलं होतं. नऊ वर्षांत माणसाचं मत बदललं तर त्याला शब्द फिरवणं म्हणत असाल, तर माझ्या घरात रोज कुणीतरी शब्द फिरवतं.

रुसण्याचं म्हणाल, तर तो टीकेनं गप्प झाला नाही. लोक चित्र सोडून माणसाच्या अंगावर गेले, तेव्हा झाला. यातला फरक मला एका मारुतीनं शिकवला.

१९८९ ला जिंतूर तालुक्यातल्या एका गावानं देवळाच्या भिंतीवर द्रोणागिरी उचललेला मारुती काढायला मला बोलावलं. मी तेव्हा तरुण, डोक्यात अजिंठा भरलेला. बारीक कंबर, लांब बोटं, अर्धे मिटलेले डोळे. आठ दिवस परांचीवर उभा राहून काढला. दुसऱ्या दिवशी एकानं एसटी स्टँडवर मला गाठून माझ्या आईवरून शिव्या घातल्या. त्याच संध्याकाळी पारावरचे एक म्हातारबाबा भिंतीसमोर उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, डोंगर उचललाय अन् ह्यो झोपालाय?"

शिव्या देणाऱ्याचं तोंड आठवलं तर अजून राग येतो, पण त्याच्यामुळं माझी एक रेघ सुधारली नाही. म्हातारबाबांचं वाक्य मात्र मी पुढं तीस वर्षं वर्गात वापरलं. तीन वर्षांनी गावानं जिंतूरच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून तीच भिंत ऑइल पेंटनं पुन्हा काढून घेतली. गुलाबी अंग, कॅलेंडरातल्यासारखे फुगलेले दंड, टक्क उघडे डोळे. वाईट वाटलं का? वाटलं. पण डोळे त्याचेच बरोबर आहेत, हे मला लिहून द्यायला हरकत नाही.

तेव्हा हिंगोलीकर, चिडा. पण कोपर कुठं चुकलं, रंग कुठं भडक झाला, ते सांगत चिडा.

प्रश्न: मास्तरकाका, मी नववीत आहे. मला तो नवा गायब्रशच आवडतो आणि मी तसंच सपाट, कोनाकोनाचं काढते. यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. आमच्या बाई म्हणतात असं काढलंस तर गुण जातील. खरं का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: खरं आहे, बाळ. पेपरात स्थिरचित्र मागितलं असेल तर समोरचा तांब्या तांब्यासारखाच काढायचा, छायाप्रकाशासकट. तिथं क्रोलकाका आणू नकोस.

घरी मात्र एक कर. काळा, करडा आणि एक रंगीत, असे तीनच कागद घे आणि कात्रीनं पाच तुकडे काप. त्यातून स्वयंपाक करणारी आई पाठमोरी करून दाखव. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. खांदा किती झुकतो, आंबाडा मानेच्या किती वर येतो, पदर कुठं खोचलाय, एवढ्यावर ती तुझीच आई वाटली पाहिजे, शेजारच्या काकू नव्हे. पाच तुकड्यांत जमलं नाही तर सहावा कापू नकोस, आहेत तेच हलवून बघ. झालं की बाबांना दाखव, नाव न सांगता. त्यांनी ओळखलं नाही तर मला पाठवायची घाई करू नकोस. आईला दाखव, ती लगेच सांगेल काय चुकलं ते.