लग्नाला जाताना अंबाडा कसा टिकवायचा

अगं, तुझे केस पातळ आणि सरळ, मग लग्नाच्या दिवशी सकाळी न्हाऊ नकोस. आदल्या दिवशीच धू. ताजे धुतलेले केस इतके सुळसुळीत असतात की अक्षता पडेपर्यंत अंबाडा मानेवर उतरतो. आधी सैल तिपेडी वेणी घाल, पेड बोटांनी ओढून जरा रुंद कर, मगच मानेजवळ गुंडाळ. भरगच्च दिसतो, गंगावन लागत नाही.

पिना लावायला मात्र नीट शिक. साध्या काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी; बऱ्याचजणी उलटी लावतात. यू आकाराच्या आकड्यात अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडायचे, टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून. मग तो उलटवून आत सरकवायचा. असे चार-पाच बसले की पुरे. रविवार कारंजाच्या बाजारात जाशील तेव्हा पाकीटभर घेऊन ठेव.

बहिणीच्या कुरळ्या केसांना कोरडे असताना कंगवा नको, फुगतात. ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायचे, वाळल्यावर बोटांनी गोळा करून सैल अंबाडा. कपाळावरच्या बटा राहू देत. आईच्या दाट केसांना सागरवेणीच बरी, सगळा भार एका जागी येत नाही.

डिसेंबरात आपल्या नाशिकची हवा कोरडी, केस भुरभुरतात. थिजलेलं खोबरेल नखभर घे, तळव्यांवर विरघळलं की वरून हलका हात फिरव. आणि गजरा एकाच बाजूला माळ. पूर्ण वेढा दिलास तर एवढा घातलेला अंबाडा दिसणार कुणाला?