लॉन नको, आधी कंपाउंडचे तडे बघा

ताई, सोलापुरातल्या विजापूर रोडचं वीस वर्षांचं रो-हाऊस दिवाळीनंतर विकायचंय, त्याआधी पुढच्या भिंतीला दगडी क्लॅडिंग (शोभेचा दगडी थर) आणि अंगणात लॉन केलं तर भाव वाढेल का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते फारसा नाही. जुळे सोलापुरातलं आमचं घर विकताना मी हाच उद्योग करून बसलो होतो.

घेणाऱ्याचं कर्ज असलं की बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो. तो जागेचं क्षेत्र, आसपासचा दर, बांधकामाचं वय आणि मंजूर नकाशा बघतो. क्लॅडिंगकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. बाहेरचं रूप कामाला येतं ते घासाघीस करताना. एक तडा दिसला की समोरचा त्यावरून लाखभर तरी पाडून मागतो.

आणि काळ्या मातीवरचं घर म्हटलं की तडे आलेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मग कंपाउंडला जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरका तडा जातो. मी त्यावर सिमेंट थापून वर रंग मारला. बघायला आलेल्या पहिल्याच काकांनी नखानं खरवडलं आणि म्हणाले, "हे परवाचं काम दिसतंय की ओ." त्यानंतर घरातली प्रत्येक भिंत त्यांनी ठोकून बघितली. घेतलं नाहीच.

म्हणून आधी पाण्याचा बंदोबस्त करा. गच्चीचा पाइप, कूलरची गळती, रात्री नळ आल्यावर वाहणारी टाकी, सगळं पाणी पायाशीच मुरत असतं. घराभोवती दोन-अडीच फूट शहाबादी फरशीचा पट्टा टाका, उतार बाहेरच्या बाजूला. फरशी आपल्याकडे शेजारच्या कलबुर्गी भागातूनच येते. मग तडा खोबणी करून उकरा, धूळ झाडा आणि बाहेरच्या भिंतीसाठीचं क्रॅक फिलर भरा. पायाजवळ लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा खारट थर) धरला असेल, पोपडे सुटत असतील, तर ते खरवडून भिंत नीट वाळू द्या. ओल्या भिंतीवरचा महागडा रंगही वर्षात सुटतो.

रंग दसऱ्याआधी उरकायची घाई नको, कारण आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. पेंटर मात्र आत्ताच ठरवून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर हाताला लागत नाहीत. फिकट रंगच घ्या. गडद रंग आपल्या उन्हात लवकर विटतो आणि खोल्याही तापतात.

लॉनचं तर बोलूच नका. नळाला रोज पाणी नाही आणि गवताला रोज पाजायचं? माझं एप्रिलमध्ये काथ्याच्या पायपुसण्यासारखं झालं होतं. बायको अजून चिडवते. त्यापेक्षा फाटकाशी बोगनवेल लावा, पाणी कमी मिळालं की उलट जास्त फुलते. कुंडीत सदाफुली, कोपऱ्यात चाफा. कण्हेर पण टिकते, फक्त विषारी असते, लहान मुलं असतील तर नको.

बाकी किरकोळ: फाटकाचा गंज घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा खालचा हात) आणि वर ऑइलपेंट, मीटरजवळच्या लोंबत्या वायरी पट्टीत, गच्चीवरची फुटकी टाकी भंगारात.

तडा घराच्या आतूनही दिसत असेल किंवा दर वर्षी रुंदावत असेल, तर फिलर विकत घेण्याआधी इंजिनिअरला दाखवा. फोटो इथे टाकलात तर मीही बघतो.