वाचक विचारतात : जकार्तात फिरायचे कसे?

बेळगावच्या उद्यमबागेतले कारखानदार यंत्रांची प्रदर्शने पाहायला जकार्ताला जातात. कुणाची मुले तिकडे नोकरीला आहेत, तर कुणी प्राम्बानानची देवळे बघायला निघताना वाटेत दोन दिवस थांबतो. या शहराविषयी आलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरे देत आहोत. भाडी इंडोनेशियाच्या रुपियात आहेत. हिशेबाची सोपी रीत अशी : शेवटची तीन शून्ये सोडा, उरलेल्या आकड्याला पाचाने गुणा आणि थोडी भर घाला. 10,000 रुपिया म्हणजे आपले साधारण पन्नास-पंचावन्न रुपये.

प्रश्न : प्रदर्शनासाठी चार दिवस जायचे आहे. हॉटेल कुठे घ्यावे? टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी का?
(उद्यमबाग, बेळगाव)

हॉटेल शोधण्याआधी प्रदर्शनाच्या पत्रिकेवरचा पत्ता नीट वाचा. ‘जकार्ता’ असे छापलेले असले तरी जागा तीन दिशांना असू शकते. सेनायानचे अधिवेशन केंद्र शहराच्या मध्यात आहे आणि एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, इस्तोरा स्थानकापासून चालत जाता येते. जेआयएक्स्पो हे प्रदर्शन केंद्र उत्तरेला केमायोरानमध्ये आहे. बीएसडी भागातले आयसीई हे प्रदर्शन केंद्र मात्र शहराबाहेर, नैर्ऋत्येला तांगेरांगच्या बाजूला आहे. तिथे रोज मध्य जकार्तातून मोटारीने जायचे म्हटले तर सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाचे तीन-चार तास रस्त्यातच जातात. आयसीईला जाणाऱ्यांनी तिकडेच मुक्काम करावा. ते नसेल जमत तर तानाह आबांगहून रांगकासबितुंग मार्गाची लोकल पकडून चिसाउक किंवा रावा बुंतू स्थानकाला उतरावे आणि पुढे ॲपची गाडी घ्यावी.

बाकी सगळ्यांनी ‘दुकू आतास’ या नावाभोवती खोली शोधावी. सुदिरमान रस्त्यावरचा हा परिसर आहे. एमआरटीचे दुकू आतास, लोकलचे सुदिरमान, विमानतळ रेल्वेचे बीएनआय सिटी आणि एलआरटीचे (हलक्या शहरी रेल्वेचे) दुकू आतास अशी चार स्थानके इथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ट्रान्सजकार्ता बसचा थांबाही तिथेच. खोलीला थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील, कारण जकार्तात अंतर किलोमीटरने मोजून उपयोग नसतो. संध्याकाळी पाच वाजता सात किलोमीटरला सव्वा तास लागू शकतो आणि तेवढेच अंतर एमआरटी पाव तासात कापते. हॉटेल शोधताना नकाशावर ‘मध्यापासून किती किमी’ हे बघू नका. जवळच्या स्थानकापर्यंत चालत किती मिनिटे, हे बघा.

दिवसभराची टॅक्सी आम्ही सुचवणार नाही. नमुने, कॅटलॉग असे जड सामान असेल तरच मोटार भाड्याने घ्या, आणि घेताना ‘गान्जिल-गनाप’चा, म्हणजे सम-विषमचा नियम विचारा. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 4 ते रात्री 9 या वेळांत ठरावीक मोठ्या रस्त्यांवर तारखेप्रमाणे सम किंवा विषम क्रमांकाच्याच खासगी मोटारी सोडतात. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला हा नियम लागू नाही. खासगी गाडीचा चालक त्या वेळात आडवाटेने नेतो आणि वेळ दुप्पट लागतो.

प्रश्न : मुलगी-जावई तिथे नोकरीला आहेत. ते दिवसभर कामावर. आम्ही दोघे साठी ओलांडलेली. बस-रेल्वेने फिरायला एक कार्ड दोघांना पुरेल का? फोन-पे चालेल का?
(टिळकवाडी, बेळगाव)

पुरणार नाही, दोघांना दोन कार्डे घ्या. तिथल्या फाटकांवर आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते. एकाच कार्डावर एक माणूस आत गेला की तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्यासाठी ते चालत नाही. जोडप्यांची अडचण नेमकी इथेच होते : एक जण आत, दुसरा फाटकाबाहेर आणि मागे रांग.

कार्ड बँकांचे असते : ई-मनी, फ्लाझ, ब्रिझी, टॅपकॅश. चारांपैकी कुठलेही घेतले तरी ट्रान्सजकार्ता बस, लोकल आणि एमआरटीला चालते. इंदोमारेत, अल्फामार्त या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत आणि स्थानकांवर मिळते. कार्डाची किंमत वेगळी आणि आतली शिल्लक वेगळी, म्हणून घेताना शिल्लक किती भरली ते विचारा. कुठले कार्ड कुठे भरून मिळते यातही फरक असतो, तेही त्याच वेळी विचारून ठेवा. सुरुवातीला माणशी 50,000 रुपिया भरले तर तुमच्यासारख्यांचे तीन-चार दिवस आरामात निघतील.

फाटकावरच्या छोट्या पडद्याकडे लक्ष ठेवा. कार्ड टेकवल्यावर ‘साल्दो’ या शब्दापुढे आकडा दिसतो, ती तुमची शिल्लक. ‘साल्दो तिदाक चुकुप’ असे आले तर शिल्लक अपुरी आहे. कार्ड ओझरते लावून हात मागे घेऊ नका, आवाज येईपर्यंत टेकवून धरा. घाईत बाहेर पडतानाची नोंद राहून गेली, तर पुढच्या वेळी फाटक उघडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा टेकवण्यापेक्षा शेजारच्या खिडकीवर कार्ड द्या, कर्मचारी नोंद सरळ करून देतात.

भाडे अगदी माफक आहे. ट्रान्सजकार्ता बसला 3,500 रुपिया, आणि पहाटे 5 ते 7 मध्ये 2,000. फाटकाच्या आतच राहून बस बदलली तर पुन्हा भाडे पडत नाही, मात्र एकदा बाहेर पडलात की नव्याने द्यावे लागते. एमआरटीला अंतराप्रमाणे 3,000 ते 14,000. लोकलला, म्हणजे केआरएलला, पहिल्या 25 किमीला 3,000 आणि पुढे दर 10 किमीला 1,000. जकार्ता कोतापासून बोगोरचे वनस्पती उद्यान पाहायला जायचे तर तासाभराहून अधिक प्रवास होतो आणि 6,000 रुपिया लागतात. आपले तीस-बत्तीस रुपये!

लोकलचा पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. बसमध्ये पुढचा भाग बायकांचा. तुम्ही दोघे बरोबर असाल तर लोकलच्या मधल्या डब्यात चढा आणि सकाळी 9 नंतर निघा, त्याआधीची गर्दी वयस्कर माणसांना सोसवणारी नाही. ट्रान्सजकार्ताचे थांबे उंच चौथऱ्यावर असतात. चौथरा आणि बस यांच्यात फट राहते, चढताना नजर खाली असू द्या.

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी चालू करा. आपल्याकडची बहुतेक कार्डे सुरुवातीला फक्त देशातल्या व्यवहारांपुरती असतात, आणि तिथल्या एटीएमपुढे उभे राहून हे लक्षात आले तर पंचाईत होते. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या करकरीत नोटा न्या. घडी पडलेली किंवा शिक्का उमटलेली नोट बदलून देणारे नाकारतात, नाहीतर दर पाडतात.

प्रश्न : आपल्याकडे खानापूर मार्गावर वडाप चालते, तसे तिथे काही आहे का? स्वस्तात फिरायचे आहे.
(खानापूर)

आहे, त्याला ‘आंगकोत’ म्हणतात. छोट्या व्हॅनमध्ये समोरासमोर बाके आणि दार कायम उघडे. थांबवायला ‘किरी!’ असे मोठ्याने म्हणायचे. किरी म्हणजे डावी बाजू, ‘डावीकडे घ्या’ एवढाच अर्थ. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

यातल्या ज्या गाड्या ट्रान्सजकार्ताशी जोडल्या आहेत त्यांना ‘मिक्रोत्रान्स’ म्हणतात. गाडीवर ‘जाक’ आणि पुढे मार्ग क्रमांक असतो. यांचे भाडे शून्य आहे, पण कार्ड टेकवावेच लागते. कर्नाटकातल्या बसमध्ये शक्ती योजनेत बायकांना शून्य रुपयांचे तिकीट घ्यावे लागते ना, तसेच हे. गाडी ठरलेल्या थांब्यांवरच थांबते. गल्लीबोळांतून जाते म्हणून वेळ लागतो, पण स्थानकापासून आतल्या वस्तीपर्यंत जायला यासारखी सोय नाही.

प्रश्न : जकार्तात बजाज रिक्षा चालतात म्हणे. खरे का? भाडे कसे ठरते?
(निपाणी)

खरे आहे. पुण्याच्या कंपनीचे नावच तिथे वाहनाचे नाव झाले. लिहिताना बजाज, बोलताना ‘बाजाय’. निळ्या रंगाच्या रिक्षा गॅसवर चालतात. मीटर नाही. बसण्याआधी ठिकाण सांगून ‘बरापा?’ म्हणजे ‘किती?’ विचारा आणि आकडा फोनवर टाइप करून दाखवायला सांगा, कारण ‘पंधरा’ म्हणताना तो पंधरा हजार म्हणत असतो आणि परक्या माणसाला ‘पन्नास’ ऐकू आले तर वाद होतो. त्याच अंतराचे ॲपवरचे भाडे आधी बघून ठेवले तर बोलणे सोपे जाते. दोन-तीन किलोमीटरपुरती, विशेषतः पावसात, ही रिक्षा चांगली. लांब घेऊ नका.

प्रश्न : ॲपची बाईक टॅक्सी सुरक्षित आहे का? माझा मुलगा एकटा जाणार आहे.
(शहापूर, बेळगाव)

गोजेक आणि ग्रॅब या दोन्हींचा वापर तिथे रोजचा आहे. गर्दीच्या वेळी मोटारीपेक्षा बाईक कितीतरी लवकर पोहोचते. चालक हेल्मेट देतो, त्याचा पट्टा लावल्याशिवाय बसू नये. बसण्याआधी पाटीचा क्रमांक ॲपवरच्या क्रमांकाशी जुळवावा. हिरवे जाकीट पाहून बसू नये, कारण रस्त्यावर शेकडो हिरवी जाकिटे असतात.

नेमकी चूक पिनमध्ये, म्हणजे चालकाला बोलावताना ॲपच्या नकाशावर लावायच्या खुणेत होते. सुदिरमान आणि तामरिन या रस्त्यांना मधे दुभाजक आहे, वळायला पुष्कळ पुढे जावे लागते. पिन पलीकडच्या बाजूला पडली तर चालक समोर दिसत असूनही त्याला फिरून यायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणून नकाशा मोठा करून पिन आपण उभे आहोत त्याच कडेला ठेवावी. चालक संदेश पाठवतो : ‘ससुआइ तितिक या?’, म्हणजे पिन आहे तिथेच ना? उत्तर ‘या’, म्हणजे होय. मॉल आणि स्थानकांना बाईकच्या ठरलेल्या जागा असतात, ॲप त्या दाखवते.

ॲपमध्ये खाते भारतातूनच उघडून ठेवावे. पडताळणीचा क्रमांक भारतीय सिमवर येतो आणि तिकडे रोमिंग नसेल तर सगळेच अडते. रोख पैशांचा पर्याय निवडता येतो, त्यासाठी 5,000 आणि 10,000 च्या नोटा जवळ असाव्यात. रात्री उशिरा एकट्याने फिरताना मोटार बरी. फिकट निळ्या ब्लूबर्ड टॅक्सीला मीटर असते. टोलचे पैसे प्रवाशाने वेगळे द्यायचे असतात, तो जास्तीचा आकार समजून भांडू नये.

प्रश्न : स्थानकांची नावे वाचता येतात पण उच्चारली की कुणाला कळत नाहीत.
(चिकोडी)

पाट्या रोमन लिपीत आहेत आणि आपण त्या इंग्रजीसारख्या वाचतो, घोटाळा तिथे होतो. रोमन ‘सी’ तिथे नेहमी ‘च’. चिकिनी, चावांग, चिबुबुर ही नावे ‘क’ किंवा ‘स’ लावून म्हटली तर समोरचा गोंधळणारच. ‘टी’ आपल्या ‘त’सारखा. मराठी जिभेला हे सगळे उच्चार सोपे आहेत.

पत्त्यातली दिशा सोडू नका. उतारा म्हणजे उत्तर (आपलाच शब्द), सलातान दक्षिण, तिमुर पूर्व, बारात पश्चिम, पुसात मध्य. एकाच नावाचा रस्ता शहराच्या दोन भागांत असू शकतो, आणि नावापुढे रोमन आकडे असतात ते गल्लीचे क्रमांक. वाट विचारताना वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’, तरुणाला ‘मास’ आणि तरुणीला ‘म्बाक’ म्हणून सुरुवात केली की माणूस थांबून नीट सांगतो. आपल्याकडे काका-मावशी म्हणून हाक मारतो, तसेच.

प्रश्न : जकार्ताहून बांडुंगला वेगवान रेल्वेने जायचे आहे. गांबिर स्थानकावरून मिळेल का? परत येऊन त्याच दिवशी विमान पकडता येईल?
(निपाणी)

‘हुश’ ही वेगवान गाडी हालिम स्थानकावरून सुटते, गांबिरहून नाही. 2023 पासून ती चालू आहे आणि ताशी 350 किमीपर्यंत जाते. हालिमला पोहोचायला दुकू आतासहून एलआरटी घ्या, पण गाडीवर बेकासी मार्गाचे नाव आहे का ते पाहा. चावांगनंतर फाटा फुटतो आणि चिबुबुरची गाडी हालिमला जात नाही. बांडुंग शहरात जायचे तर शेवटपर्यंत बसून राहू नका. पादालारांगला उतरून तिथली जोडगाडी धरा, ती मुख्य स्थानकात सोडते आणि तिचे भाडे हुशच्या तिकिटात धरलेले असते.

गांबिर हे योग्यकर्तासारख्या लांबच्या गाड्यांचे स्थानक. लोकल तिथून जाते पण थांबत नाही. गांबिरला पोहोचायचे तर जुआंदा किंवा गोंदांगदियाला उतरा.

त्याच दिवशीचे विमान रात्री उशिराचे असेल तरच हा बेत करा. विमानतळ शहरापासून बेळगाव-खानापूर एवढ्या अंतरावर आहे, तरी संध्याकाळी रस्त्याने दोन तास धरावे लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा जोराचा पाऊस, त्यात सखल रस्त्यांवर पाणी भरते. बीएनआय सिटीहून विमानतळ रेल्वेने सुमारे पाऊण तास लागतो. तिचे विमानतळावरचे स्थानक टर्मिनलच्या आत नाही. तिथून ‘कालायांग’ ही फुकट गाडी टर्मिनलांना जोडते. आंतरराष्ट्रीय विमाने मुख्यतः टर्मिनल 3 वरून सुटतात, काही टर्मिनल 2 वरूनही. तिकिटावरचा आकडा रेल्वेत बसण्याआधीच पाहून ठेवा आणि कालायांगसाठी अर्धा तास वेगळा धरा.