दाह, शोथ की सूज?

मुलांच्या दम्याविषयी पालकांसाठी पत्रक लिहिणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: 'एअरवे इन्फ्लमेशन मार्कर'ला, म्हणजे श्वासनळ्या आतून सुजल्याचं दाखवणाऱ्या खुणेला, मराठीत काय म्हणावं? यंत्राने त्यांना 'वायुमार्ग प्रदाह चिन्हक' दिलंय. ते राहू द्या यंत्रापाशीच.

इन्फ्लमेशनला मी 'सूज' लिहीन. व्युत्पत्ती 'दाह'च्या बाजूने आहे हे कबूल. इन्फ्लमेशनच्या लॅटिन मुळाचा अर्थच पेटवणं. पण आपल्याकडे दाह म्हटलं की आजी सब्जाचं पाणी पुढे करते. 'शोथ' हा 'श्वि' म्हणजे फुगणे या धातूतून आलेला, अर्थाने चोख, पण वैद्यांखेरीज तो बोलतं कोण? मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असं येतं, ते तिथेच शोभतं. सूज चढते, उतरते, ओसरते. ही क्रियापदं आईच्या तोंडी आधीपासून आहेत. शिवाय दम्यात श्वासनळ्यांचं अस्तर खरोखरच सुजतं आणि वाट अरुंद होते.

खरी गोम पुढे आहे. 'स्टिरॉइडने सूज उतरते' हे वाचून पालक बुचकळ्यात पडतील, कारण त्यांनी ऐकलेलं असतं ते स्टिरॉइडने सूज येते असं. गोळ्या फार दिवस चालल्या की चेहरा गोल होतो, ती ही गोष्ट. दम्याच्या पंपातल्या (इनहेलरमधल्या) स्टिरॉइडची मात्रा मात्र मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट नळ्यांत जातं. म्हणून पहिल्यांदा 'श्वासनळ्यांना आतून आलेली सूज' असं पुरतं लिहा, मग नुसती सूज चालेल. आणि 'हुंगायचं स्टिरॉइड' नको. हुंगतात ते फूल. पंपाचं औषध ओढतात.

मार्करला 'सूजदर्शक' पुरे. एक दर्शक उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2011च्या मार्गदर्शिकेप्रमाणे 12 वर्षांखालच्या मुलांत तो 20 पीपीबीच्या (अब्जात 20 भाग) खाली असला तर कमी, 35च्या वर गेला तर जास्त. पंप नेमाने घेतला की आकडा बहुधा उतरतो, चुकवला की पुन्हा चढू लागतो. बघा, सुजेचीच क्रियापदं!

दुसरा दर्शक थुंकीतल्या इओसिनोफिल पेशी, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. हे नाव इओसिन या तांबूस रंगावरून पडलं, आणि त्यामागचा ग्रीक 'इओस' म्हणजे पहाट, आपल्या 'उषस्'ची सख्खी बहीण. तरी 'उषःपेशी' घडवायच्या फंदात पडू नका. पालकांच्या हातातल्या रक्ताच्या रिपोर्टवर इओसिनोफिलच छापलेलं असतं.