ग्लासवेअर म्हणजे नेमकं काय? काचेच्या कुठल्याही वस्तूला हा शब्द चालतो का?

चालत नाही. काचेची भांडी, आणि भांड्यांसारखं काहीतरी धरायला, ओतायला, मोजायला किंवा मांडायला घडवलेल्या काचेच्या वस्तू यांना एकत्र मिळून ग्लासवेअर म्हणतात. पाण्याचे पेले, बरणी, सरबताचा जग, फुलदाणी, प्रयोगशाळेतला बीकर हे सगळं त्यात येतं. खिडकीची काच, आरसा, चष्मा, बांगड्या या वस्तू काचेच्याच, पण बोलताना त्यांना कोणी ग्लासवेअर म्हणत नाही. शब्दातलं ‘वेअर’ म्हणजे जिन्नस, माल. आणि आपल्याकडचा स्टीलचा ग्लास नावानं ग्लास असला तरी ग्लासवेअर नाही, हे वेगळं सांगायला नको.

ही वाटणी सरकारी कागदावरही दिसते. आयात आणि जीएसटीसाठी मालाला जे एचएसएन क्रमांक देतात, त्यातलं ७० वं प्रकरण ‘काच आणि ग्लासवेअर’ याच नावाचं आहे. त्यात आरसे ७००९ मध्ये, बाटल्या-बरण्या ७०१० मध्ये, जेवणाच्या टेबलावरचं व स्वयंपाकघरातलं ग्लासवेअर ७०१३ मध्ये आणि प्रयोगशाळेचं ७०१७ मध्ये. दुकानदाराच्या बिलावर हे आकडे छापलेले असतात, एकदा पाहा.

वापराबद्दल महत्त्वाची गोष्ट ही, की इंग्रजीत हा शब्द समूहवाचक आहे. ‘फर्निचर’सारखा तो एकवचनीच चालतो. ‘ग्लासवेअर्स’ असं आपल्याकडे पाट्यांवर, कोटेशनमध्ये सर्रास लिहितात, पण लेखी इंग्रजीत ते टाळा. एखादी वस्तू सांगायची तर ‘अ पीस ऑफ ग्लासवेअर’ म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे सरळ वस्तूचं नाव घ्या. मराठीत ‘काचेची भांडी’ किंवा ‘काचसामान’ पुरेसं आहे.

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि हा शब्द खऱ्या अर्थानं नांदतो तो इथेच. ‘ग्लासवेअर धुऊन ठेवा’ म्हटलं की टेबलावरचं सगळं आलं. शाळेच्या पुस्तकातली चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी ही नावं मला फार आवडतात. पण अकरावीनंतर मुलांच्या तोंडी बीकर, कोनिकल फ्लास्क, टेस्ट ट्यूबच येतात. काही फुटलं की ब्रेकेजच्या वहीत नोंद होते, आणि तिथेही ‘ग्लासवेअर’ हाच रकाना.

प्रयोगशाळेच्या ग्लासवेअरमध्ये दोन गट ओळखता आले पाहिजेत. एक तापवायचं, दुसरं मोजायचं. तापवायच्या भांड्यांची काच बोरोसिलिकेट असते. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड. ती तापल्यावर फार कमी प्रसरण पावते. एक मीटर लांबीची कांडी १०० अंशांनी तापवली तर ती जेमतेम ०.३३ मिलिमीटर वाढते, साध्या सोडा-लाइम काचेची मात्र ०.९ मिलिमीटरच्या आसपास. काचेचा एक भाग फुगला आणि दुसरा तसाच राहिला की ताण येतो व भांडं तडकतं. साध्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर तो फुटतो, तो याचमुळे. ही काच १९ व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना इथे ऑटो शॉट यांनी तयार केली. १९१५ मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीनं ती ‘पायरेक्स’ नावानं स्वयंपाकघरात आणली. भांड्यावर ‘३.३’ असा आकडा दिसला तर तो याच प्रसरणाचा.

मोजायच्या भांड्यांची गोष्ट निराळी. मानेवरच्या खुणेपर्यंत भरून ठरावीक माप घ्यायचं भांडं म्हणजे स्टँडर्ड फ्लास्क. ‘ए’ वर्गाच्या, म्हणजे जास्त अचूक मापाच्या, १०० मिलिलिटर स्टँडर्ड फ्लास्कमध्ये फक्त ०.१ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं. हे माप ज्या तापमानाला धरलेलं असतं, तेही त्याच्यावर लिहिलेलं असतं. युरोपीय मालावर २० अंश, भारतीय मालावर बहुधा २७, कारण आपल्या खोल्या तशाच उबदार. हा फ्लास्क बर्नरवर ठेवू नये, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच्या मापावरचा भरवसा गेला तर नंतरचं सगळं गणित वाया जातं.

आपल्या भागात या उद्योगाचा जुना धागा तळेगाव दाभाड्यात आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तिथे काचेचा कारखाना निघाला. स्वदेशीच्या काळात परदेशी काचसामानाला पर्याय हवा होता, आणि तो सामान्य माणसांच्या पैशांतून उभा राहिला. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

एक शंका नेहमी येते: क्रॉकरी आणि ग्लासवेअर एकच का? क्रॉकरी म्हणजे मुळात चिनी मातीची भांडी. दुकानात दोन्ही एकाच कपाटात असतात, म्हणून नावं सरमिसळ झाली. पांढऱ्याशुभ्र ओपल डिनर सेटला सगळे क्रॉकरी म्हणतात, पण ओपल ही काचच आहे, तेव्हा तो ग्लासवेअर. घरासाठी घेताना नावापेक्षा तळाचा शिक्का आणि खोक्यावरचा मजकूर वाचा. ‘बोरोसिलिकेट’ लिहिलं असेल तर गरम पदार्थाला घ्या. नुसतं ‘ग्लास’ लिहिलं असेल तर थंड सरबतापुरतं ठेवा.