पहिली सुरी: सेट नको, एक पातळ पातं आणि दगड घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावला वन-आरकेत एकट्याने राहायला आलात, घरी आजवर विळीच वापरली, आता अडीच हजारांत चांगली सुरी हवी आहे. तेवढ्याच पैशांत ऑनलाइन सात सुऱ्यांचा सेट लाकडी ठोकळ्यासकट दिसतोय. आणि हॉटेल मॅनेजमेंट केलेला मित्र म्हणतोय, घेशील तर जपानीच घे.

सेट घेऊ नका. सातातल्या दोनच हातात येतात, आणि पैसे सात ठिकाणी वाटले गेल्यामुळे त्या दोनही यथातथाच असतात. ठोकळा ओट्यावरची जागा खातो, शिवाय जुलैत त्याच्या खाचांमध्ये बुरशी धरते. मित्राच्या सल्ल्याकडे नंतर येतो.

बहुतेक जण पहिल्यांदा स्टील कुठलं ते विचारतात. मी म्हणतो, आधी जाडी बघा. सुरी डोळ्यांसमोर टोकाकडून धरा आणि पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं उतरत जातं ते पाहा. पाठ २ मिलिमीटरच्या आसपास असावी आणि तिथून धारेपर्यंत पातं सलग निमुळतं होत जावं. अनेक स्वस्त सुऱ्यांत पातं खालपर्यंत जाडच राहतं आणि अगदी शेवटच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये एकदम उतार देऊन धार काढलेली असते. अशी सुरी दुकानात कागद सुरेख कापते. घरी आणून गाजर कापायला घ्या: पातं अर्ध्यावर गेलं की गाजर कट्‌कन फुटतं आणि चकती उडून गॅसखाली जाते. कागदाला जाडीच नसते, म्हणून कागदावर फक्त धार कळते, पातं कळत नाही. टोमॅटोचंही साधारण तसंच, त्याची साल कापली की पुढे सगळं मऊ. पात्याची खरी परीक्षा गाजर, सुरण, कच्चा बटाटा आणि मोठा कांदा घेतात. धार गेली तर ती परत लावता येते. जाड पातं घासून पातळ करणं हे मात्र नवख्याचं काम नाही.

आता स्टील. पात्यावर ‘जर्मन स्टील’ छापलेलं असलं म्हणून सुरी जर्मनीत बनली असं होत नाही. नेमका प्रकार लिहिला असेल तर तो वाचा. ‘एक्स५०सीआरएमओव्ही१५’ हे नाव बऱ्याच ठिकाणी दिसेल. त्यात कार्बन साधारण ०.५ टक्के आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास असतं. गंज सहसा धरत नाही, धार मध्यम टिकते आणि धार लावायच्या दगडावर पटकन परत येते. व्हिक्टोरिनॉक्ससारख्या स्विस आणि बऱ्याच जर्मन सुऱ्या याच जातीच्या. (शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये स्टेनलेस स्टील ओतलं तेव्हा तिथले सुऱ्या बनवणारे त्याची न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून थट्टा करत. तेव्हाच्या स्टेनलेसबद्दल ते फार चुकीचं नसावं, आज ती तक्रार उरलेली नाही.)

कडकपणा रॉकवेलच्या मापात सांगतात, आकडा मोठा तितकं पातं कडक. युरोपीय घरगुती सुऱ्या साधारण ५४ ते ५८, जपानी ६० किंवा त्याहून वर. कडक पात्याला १५ अंशांची (दर बाजूला) किंवा त्याहूनही बारीक धार देता येते आणि ती जास्त दिवस टिकते, यात तुमचा मित्र बरोबर आहे. पण कडक पातं वाकत नाही, त्याचा टवका उडतो. हॉटेलच्या किचनमध्ये प्रत्येकाची सुरी वेगळी असते आणि दुसरा कोणी तिला हात लावत नाही. तुमच्याकडे मात्र रूममेट आला की तिनेच पार्सलची टेप कापणार, मे महिन्यात ती आंब्याच्या कोयीवर आपटणार, आणि कामाला मावशी येत असतील तर कुकरच्या झाकणाबरोबर सिंकमध्ये तारेच्या घासणीने घासली जाणार. हे सगळं ५६ सोसून घेतं. ६१ च्या पात्याचा टवका निघाला तर तो दगडावर घालवण्यात सबंध रविवार जातो. पात्यावरच्या पाण्याच्या लाटांसारख्या नक्षीला तर अजिबात भुलू नका. ही नक्षी ज्यातून येते त्या, स्टीलचे थर जोडून बनवलेल्या खऱ्या सुरीतसुद्धा कापायचं काम मधला कडक थर करतो, बाहेरची नक्षी नाही. स्वस्त सुऱ्यांवर ती बहुधा नुसती वरून कोरलेली असते.

साध्या कार्बन स्टीलच्या, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या, सुऱ्या मला स्वतःला फार आवडतात, पण पहिली सुरी म्हणून मुंबईत नको. लिंबू किंवा कोकम लागलं की काळी पडते, आणि पावसाळ्यात रात्री ओली राहिली की सकाळी तांबूस.

लांबी किती? सगळीकडे ८ इंची सांगतात. वन-आरकेच्या ओट्यावर गॅस आणि सिंक यांच्यामध्ये उरते ती जागा पाहता ६ ते ७ इंच पुरे, सांतोकू (रुंद पात्याची, टोकाशी पाठ खाली वळलेली जपानी घडण) आकाराची मिळाली तर उत्तम. पातं मात्र रुंद हवं, ४० ते ४५ मिलिमीटर. मूठ पकडून पातं टेबलावर टेकवून बघा. बोटांची पेरं टेबलाला लागत असतील तर ती सुरी परत ठेवा. मूठ खरखरीत प्लॅस्टिकची असली तरी कमीपणा मानू नका. कोळंबी सोलून हात ओले असतात तेव्हा ती सटकत नाही, आणि लाकडासारखी पावसाळ्यात फुगतही नाही. पातं आणि मूठ जुळतात तिथे फट नसावी.

बघायला क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा भुलेश्वरला तांबाकाट्याकडे जा. मशीद बंदरला उतरलात तर दोन्ही चालत होतात. हॉटेलांना सामान देणारी दुकानं शोधा. तिथे चकचकीत डबे कमी असतात आणि सुरी हातात घेऊन बघू देतात. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, कोणी बोलायलाही मोकळं नसतं.

अडीच हजार सगळे सुरीवर घालवू नका. त्यातच एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड आणि धार लावायचा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) दगड बसवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या बोर्डवर कापलंत तर कुठलीही सुरी आठवड्यात बोथट होईल. बोर्डखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकणार नाही.

धार लावणं वाटतं तितकं अवघड नाही. दगड ओला करा. पातं त्यावर आडवं ठेवून पाठ जराशी उचला: ४५ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला १५ अंशांसाठी पाठ सुमारे १२ मिलिमीटर वर लागते, म्हणजे खाली करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी. तो कोन धरून एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूवर बोट धारेकडे नेताना बारीक खरखर लागेपर्यंत. बोट पाठीकडून धारेकडे न्यायचं, धारेवरून लांबीला कधीच नाही. ती खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने बाजू आलटून पालटून घासा, खरखर निघून जाते. नवखे इथेच घाई करतात, खरखर यायच्या आधीच बाजू बदलतात, आणि मग दगडाला नावं ठेवतात.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे विळी आणि कात्री खुशाल द्या. पातळ सुरी देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातं तापतं, आणि धारेवर निळसर डाग दिसला की तिथलं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरलं समजा. शिवाय प्रत्येक खेपेला पातं नको तितकं झिजतं.

विळीची सवय असणाऱ्यांना पहिले काही दिवस सुरी चालतच नाही असं वाटतं, कारण विळीवर आपण भाजी पात्यावर दाबतो. सुरी वरून दाबू नका, पुढे सरकवत खाली न्या. अंगठा आणि तर्जनी मुठीच्या पुढे, थेट पात्याच्या दोन्ही बाजूंना धरा. मूठ सगळी पकडून तर्जनी पाठीवर लांब ठेवायची सवय लागली तर पातं डुलत राहतं.

घरची विळी आणली असेल तर ठेवा. खोबरं तिच्यावरच खवायचं. नारळ, मटणाची हाडं, फ्रीजरमधले गोठलेले तुकडे यांच्या वाटेला सुरी जायला नको. मासे बाजारातच कापून घ्या, कोळणीच्या कोयत्याचं काम आपल्या सुरीचं नव्हे.

वापरून झाली की लगेच धुवून पुसून ठेवा. मीठ-लिंबू लागलेलं पातं रात्रभर पडलं तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडू शकतात. भिंतीवर लोहचुंबकाची पट्टी लावणं सगळ्यात सोयीचं, पण टाइल्सना भोकं पाडायला घरमालक देत नसेल तर जाड पुठ्ठा दुमडून, कडा टेपने बंद करून म्यान करा आणि सुरी खणात ठेवा. दुकानातून लोकलने आणतानाही तेच म्यान घालून, पिशवीत तळाशी.