रिपोर्टवर सॅम्पल कसलं लिहिलंय, ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं 2018 आठवलं. भाऊ खानापूरला, पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट होऊन चार महिने, बेळगावात केलेल्या तपासणीत 'बीके व्हायरस डिटेक्टेड' (बसवलेल्या किडनीला इजा करू शकणारा विषाणू सापडला), आणि आता किडनी गेली का, हा तुमचा प्रश्न. तुम्ही निदान विचारलंत तरी. मी कुणाला न विचारता स्वतःच गोळ्या बदलल्या.

मी डॉक्टर नव्हे. निपाणीचा माणूस, आईच्या किडनीवर जगतोय. गोळ्यांचं फक्त तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरचं ऐका.

माझ्या चिठ्ठीवर बीके पीसीआर, क्वांटिटेटिव्ह, प्लाझ्मा असं होतं. म्हणजे रक्तात विषाणू किती, ते मोजायचं. काउंटरवरच्या बाईंनी डबी पुढं केली, "बीकेला लघवीच देतात सगळे." फॉर्म कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत, मी मराठी शाळेतला, सही करून मोकळा झालो. रिपोर्ट आला, 30 लाख कॉपीज, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये विषाणूच्या तेवढ्या प्रती! 10 हजारांच्या वर धोका, हे मोबाईलवर वाचलेलं. बीकेवर खात्रीचं औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करतात, हेही वाचलेलं. मग काय, शहाण्यानं टॅक्रोलिमस, त्यातलीच एक गोळी, परस्पर निम्मा केला. नऊ दिवस.

तो 10 हजारांचा आकडा रक्तातला. लघवीत हजारपट विषाणू दिसू शकतो, तिथं साधारण 1 कोटीच्या पुढं काळजी करतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) 1.2 चं 1.9 झालं, बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय, असं निघालं. आणि रक्तातला बीके? निगेटिव्ह. तीन दिवस स्टेरॉइड शिरेतून घेतलं, क्रिएटिनिन 1.6 वर आलं, अजून तिथंच आहे. काउंटरवर जाब विचारला तर, "टेस्ट तीच की, सॅम्पल वेगळं." पैसे परत मागितले तर हसल्या. आठवलं की आजही डोकं फिरतं.

भावाच्या रक्तात खरंच सापडला असेल तरी लगेच किडनी गेली असं नाही. आकडा किती आणि वाढतोय का, ते बघतात. म्हणून लॅब बदलू नका. एकीकडचे कॉपीज आणि दुसरीकडचे युनिट यांची तुलना होत नाही. एकाच लॅबमध्येही 4 हजारांचे 8 हजार झाले म्हणजे वाढलाच असं नसतं, तिप्पट फरक लागतो. ट्रान्सप्लांटनंतर पहिले नऊ महिने दर महिन्याला, मग दोन वर्षांपर्यंत तीन महिन्यांनी तपासतात, हॉस्पिटलप्रमाणे थोडं इकडंतिकडं. ताप नाही म्हणून तपासणी चुकवू नका, बीके बहुतेकदा गुपचूप असतो. सीएमव्ही हा निराळा विषाणू, त्याला औषध आहे. घरच्यांनी दोन्ही एकात कालवू नयेत.

आणि हो, त्याच दिवशी टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तपासायची असेल तर सकाळची गोळी खिशात न्या, रक्त दिल्यावर घ्या. आमच्याकडं घरून गोळी खाऊनच बसमध्ये चढतात.

नाव झाकून रिपोर्टचा फोटो टाका. युरिन लिहिलंय की प्लाझ्मा, तेवढं दिसलं तरी पुरे.